पोळा ते कोजागिरी: मेडिकलचा अभ्यास, मोहल्ल्याचं काम आणि घरचे सण कसे निभवायचे

“ईडा, पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत!” नागपूरच्या इतवारीत ही आरोळी उठते, काळी आणि पिवळी मारबत हे मिरवणुकीतले मोठे पुतळे समोरासमोर येतात, बडग्यांवर, म्हणजे टोमणे मारणाऱ्या पुतळ्यांवर गर्दी हसते आणि दिवस मावळेपर्यंत सगळं जळून जातं. रोगराई मात्र कुठेच जात नाही. त्याच आठवड्यात ती मेडिसिनच्या वॉर्डात येते आणि दोन खाटांच्या मधे गादी टाकून झोपते. डेंग्यू, स्क्रब टायफस, जुलाब, सगळे पावसाळ्याचे पाहुणे. आणि नेमक्या त्याच दिवसांत घरी महालक्ष्म्या बसतात, मंडळाचे पोरं वर्गणीला येतात आणि कॉलेजच्या बोर्डावर इंटर्नलची, म्हणजे अंतर्गत परीक्षेची नोटीस लागते.

मी नागपुरातल्या महालची. हॉस्टेलला राहिलेच नाही, घरूनच येणं-जाणं केलं, आता इंटर्नशिप चालू आहे. दुसऱ्या वर्षी मी सगळे सण केले आणि फार्माकोलॉजीच्या प्रॅक्टिकलची हजेरी कमी भरली. डीबार, म्हणजे परीक्षेला बसायला बंदी, होता होता वाचले. तिसऱ्या वर्षी शहाणपणा केला. एकही सण करायचा नाही असं ठरवून मैत्रिणीच्या खोलीवर जाऊन बसले. अभ्यास झाला नाही तो नाहीच, वर महिनाभर आईचं तोंड पडलेलं. पुढे जे जमलं ते इथे लिहिते. उदाहरणं एमबीबीएसची आहेत, पण नर्सिंग, डेंटल, फिजिओ, आयुर्वेदवाल्यांनीही आपापले नियम पाहून वापरावीत.

सांगायचं आहे ते एवढंच: अभ्यास, सेवा आणि सण यांना तीन वेगळे वेळ देत बसलात तर दिवस पुरणारच नाही. एकाच वेळेत दोन-दोन बसतील अशी कामं निवडायची, आणि जी बसत नाहीत ती सरळ सोडायची.

पायरी १: आधी कॅलेंडर, मग टाइमटेबल

जूनमध्येच भिंतीवरचं कॅलेंडर खाली काढा आणि पोळ्यापासून कोजागिरीपर्यंत पेनानं रेघ ओढा. श्रावणातल्या अमावस्येपासून आश्विनातल्या पौर्णिमेपर्यंत, म्हणजे दीड महिना. पोळा, दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा आणि मारबत, मग गणपती, महालक्ष्म्या, अनंत चतुर्दशी, पितृपक्ष, नवरात्र, दसरा, कोजागिरी. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून ज्यांच्याकडे भुलाबाई बसते त्यांनी तीही लिहावी.

मागच्या वर्षीचा बेत जसाच्या तसा उचलू नका. २०२५ मध्ये गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती, २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठामुळे ती १४ सप्टेंबरला आहे. अडीच आठवड्यांचा फरक. एका वर्षी इंटर्नल सणाच्या आधी उरकतात आणि दुसऱ्या वर्षी बरोबर डोक्यावर येऊन बसतात ते ह्यानंच.

आता त्या रेघेत पितृपक्षाचे पंधरा दिवस हिरवे करा. ह्या पंधरवड्यात लग्न नाही, मुंज नाही, मांडव उतरलेले, पाहुणे नाहीत. नागपूरच्या भोसले राजघराण्याच्या परंपरेतला हाडपक्या गणपती महालात ह्याच दिवसांत बसतो, तेवढा अपवाद. नवीन धडा सुरू करायचा, मोठा विषय फोडायचा, तर तो इथे. पंचांगानं अभ्यासासाठी याहून मोकळी जागा ठेवलेली मला तरी सापडली नाही. गणपतीच्या दहा दिवसांत मात्र नवीन काहीही हाती घेऊ नका, फक्त वाचलेलं आठवून पाहायचं.

पायरी २: हजेरी पैशासारखी मोजा

एमबीबीएसला परीक्षेला बसायचं तर थिअरीत ७५ टक्के आणि प्रॅक्टिकल-क्लिनिकलमध्ये ८० टक्के हजेरी लागते. टक्क्यांत विचार केला की काही कळत नाही, दिवसांत करा. समजा एका विषयाची वर्षात ४० प्रॅक्टिकलं होणार. ३२ भरलीच पाहिजेत, म्हणजे हाती ८. त्यातली ३ आजारपणाला बाजूला काढा, कारण डेंग्यूच्या वॉर्डात फिरणाऱ्यांनाही डेंग्यू होतो. २ घरच्या अडीअडचणीला. उरली ३. वर्षभराच्या सणांसाठी तुमच्याकडे एवढीच शिल्लक आहे.

मी ती ८ च्या ८ ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये उडवली होती. मंडळाचा देखावा, विसर्जन, विसर्जनानंतरची झोप. मग नोव्हेंबरात ताप आला.

म्हणून सण निवडा. एक सण पूर्ण करायचा, म्हणजे सुटी टाकून, पहाटेपासून रात्रीपर्यंत, मनात वॉर्ड न आणता. बाकीच्यांना हजेरी लावायची: आरतीला, जेवायला, सोनं द्यायला. आमच्या घरी तो एक सण महालक्ष्म्यांचा. तुमच्याकडे तो ईद असेल, ताजबागचा उरूस असेल, धम्मचक्र प्रवर्तन दिन असेल.

पायरी ३: घरात असं काम मागा जे संपतं

इथे जरा थांबते, कारण आमच्या भागातल्या घरोघरच्या पोरींचं घोडं इथेच अडतं.

महालक्ष्म्या तीन दिवस. पहिल्या दिवशी ज्येष्ठा-कनिष्ठा पावलांवरून घरात येतात, दुसऱ्या दिवशी पूजा आणि जेवण, तिसऱ्या दिवशी निरोप. दुसरा दिवस म्हणजे सोळा भाज्या, पुरण, आंबील, कढी, वडे, पाटवड्या, वर टांगायचा फुलोरा. पंगत उठेपर्यंत ऊन कलतं. त्या दिवशी “रात्री दोन तास वाचीन” असं वहीत लिहिणं म्हणजे स्वतःचीच थट्टा. लिहूच नका.

पण पहिला आणि तिसरा दिवस अर्धा-अर्धा वाचवता येतो. गेल्या वर्षी मी आठ दिवस आधीच काकूजवळ विषय काढला.

“काकू, मला पुरण वाटायला द्या. भाज्या निवडायला नका बसवू.”

“काऊन? भाजीनं काय घोडं मारलं तुझं?”

“पुरण संपते. भाज्या संपत नाहीत.”

काकू हसली, पण तिला पटलं. पुरणयंत्र, पावलांची रांगोळी, पत्रावळी आणणं, सवाष्णींना सांगून येणं, ही कामं सुरू होतात आणि संपतात. “थोडी मदत कर” ह्या कामाला शेवट नसतो. चार तास स्वयंपाकघरात उभं राहून शेवटी “हिनं काहीच केलं नाही” हेच ऐकावं लागतं.

आणि हो, पोरांनो, हे तुम्हालाही लागू आहे. घरात बहीण नर्सिंगला असेल आणि तुम्ही एमबीबीएसला, तर तिचा अभ्यास सोळा भाज्यांत जातो आणि तुमचा जात नाही, हे एकदा डोळे उघडून बघा.

हात गुंतलेले असतात तेव्हा कान मोकळे असतात. सणाच्या आधीच्या आठवड्यात स्वतःच्या आवाजात पाच-पाच मिनिटांचे प्रश्न रेकॉर्ड करून ठेवा. प्रश्न, मग दहा सेकंद शांतता, मग उत्तर. बारा क्रेनियल नर्व्ह, म्हणजे मेंदूतून निघणाऱ्या नसा, क्षयाच्या औषधांचे दुष्परिणाम, लसीकरणाचं वेळापत्रक. पुरण वाटता वाटता मी इथॅम्ब्युटॉल हे क्षयाचं औषध आणि त्यानं बिघडणारी डोळ्याची नस एवढं घोकलं की आजीनंही दोन-तीनदा “इथॅम्ब्युटॉल, डोळे” असं म्हणून दाखवलं. ऑनलाइन लेक्चर मात्र ऐकू नका. मिक्सरच्या आवाजात त्यातलं अर्धं निसटतं आणि ऐकल्याचं खोटं समाधान उरतं.

पायरी ४: सेवा एकच, आणि ती आपल्या गल्लीत

सेवेचं नाव घेतलं की लोक बॅनर छापायला निघतात. एक दिवसाचं शिबिर, फोटो, संपलं. माझं मत विचाराल तर विद्यार्थ्यानं असं काम घ्यावं जिथे त्याच दारात पुन्हा पुन्हा जावं लागतं. एमबीबीएसला पहिल्या वर्षापासून काही कुटुंबं आरोग्याच्या देखरेखीसाठी दत्तक घ्यावी लागतातच. एनएसएसमध्ये (राष्ट्रीय सेवा योजनेत) असाल तर दोन वर्षांत २४० तास भरायचे असतात. म्हणजे तास तर जाणारच आहेत. ते सार्थकी लावायचे, तर नागपुरात भाद्रपदात करण्यासारखं एक काम आहे: कूलर रिकामे करणं.

उन्हाळ्यात घरोघरी कूलर लागतो. पाऊस आला की बंद होतो, पण जागचा हलत नाही. खाली टपात चार बोटं पाणी तसंच. डेंग्यूचा एडिस डास अशाच साचलेल्या पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा पाणी मोडायचं. कसं, ते क्रमानं सांगते.

मंडळाच्या दोन-तीन पोरांना सोबत घ्या. गणपतीच्या दिवसांत वर्गणीची वही घेऊन ते घरोघर जातातच, त्यांच्यासाठी दार उघडतं. एकटा मेडिकलचा विद्यार्थी गेला तर लोक जाळीतूनच “नको” म्हणतात. रविवारी सकाळी आठ ते दहा, वीस-पंचवीस घरं, सलग चार रविवार. जवळ टॉर्च, पांढरी वाटी, खरखरीत घासणी आणि वही.

कूलरला हात लावण्याआधी प्लग काढा. स्विच बंद करून भागत नाही, प्लगच काढायचा. ओल्या टपात करंट उतरून लोकांचे जीव गेले आहेत. घरातलं कोणी “अहो बंदच आहे” म्हणालं तरी स्वतः बघा.

मग वाटीत थोडं पाणी घेऊन उजेडात धरा. अळ्या वळवळताना दिसतील. पाण्याच्या पृष्ठभागाला तिरप्या लटकतात त्या एडिस किंवा क्यूलेक्स डासांच्या, समांतर आडव्या पडतात त्या ॲनोफिलिस डासांच्या. एडिसची श्वासनळी आखूड आणि जाड असते. घरच्या लेकरांना ती वाटी दाखवा. आई-बाबांना दहा मिनिटं भाषण देण्यापेक्षा पोरानं “आई, किडे!” म्हणून ओरडणं जास्त लागू पडतं.

पाणी नालीत ओतू नका, कोरड्या मातीवर ओता. नुसतं ओतूनही भागत नाही. एडिसची अंडी टपाच्या कडेला चिकटून बसतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्महिने टिकतात, पुढल्या पाण्यात पुन्हा फुटतात. म्हणून कडा घासा, टप उलटा करा. कूलरनंतर फ्रिजच्या मागची ताटली, मनीप्लँटची बाटली, पक्ष्यांसाठी ठेवलेलं परळ, गच्चीवरचं टायर आणि मंडळाच्या देखाव्यातलं कारंजं. कारंज्याचं नाव काढलं की मंडळाचे पोरं रागावतात. रागावू द्या.

आता वही. किती घरं पाहिली, किती घरांत अळ्या, किती भांडी पाहिली, किती भांड्यांत अळ्या. समजा २४ घरं, ६ घरांत अळ्या: हाउस इंडेक्स २५. ६० भांड्यांपैकी ९ मध्ये अळ्या: कंटेनर इंडेक्स १५. १०० घरांमागे अळ्यांची भांडी किती हे काढलं की ९ भागिले २४ गुणिले १००, म्हणजे ३७.५, हा ब्रेटो इंडेक्स. पीएसएम, म्हणजे सामाजिक आरोग्याच्या विषयाच्या व्हायवात (तोंडी परीक्षेत) हे तिन्ही विचारतात आणि भली भली पोरं हाउस-ब्रेटोची अदलाबदल करतात. ज्यानं चार रविवार टप उलटे केले तो ती करत नाही. सेवा, अभ्यास आणि गणपती एकाच वहीत बसले, ते असे.

कोणाला ताप असेल तर तिथल्या तिथे डॉक्टर होऊ नका. जवळच्या शहरी आरोग्य केंद्रात पाठवा, आणि दोनच गोष्टी नीट सांगा. पहिली, मेडिकल स्टोअरमधून मनानं आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिन आणू नका. दुसरी, डेंग्यूत ताप उतरला म्हणजे बरं वाटलं असं धरू नका, धोक्याचे दिवस तेव्हाच सुरू होतात. पोटात जोरात दुखणं, उलट्या न थांबणं, हिरड्यांतून रक्त, अंग गार पडून सुस्ती, यातलं काहीही दिसलं की थेट दवाखाना.

पायरी ५: दसऱ्याला दीक्षाभूमीवर

१४ ऑक्टोबर १९५६ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथे धम्मदीक्षा दिली, त्या दिवशी दसरा होता. त्यामुळे लोक दसऱ्याच्या तिथीला येतात आणि १४ तारखेलाही येतात. दोन्ही दिवस कॅलेंडरवर लिहून ठेवा, नाहीतर एकाच दिवसाची तयारी होते.

स्वतःचा स्टॉल लावायला जाऊ नका. ज्या शिबिरात डॉक्टर हजर आहेत आणि ज्यांची परवानगी झालेली आहे, त्यांच्याकडे दोन आठवडे आधी नाव द्या. चार तासांची पाळी घ्या, जास्त नाही. त्या भागात गाडी नेऊ नका, मेट्रोनं राहाटे कॉलनीला उतरा आणि चाला. जाण्याआधी हिपॅटायटिस बीचे तीन डोस (०, १ आणि ६ महिने) झालेत का पाहा. ते दसऱ्याच्या आठवड्यात आठवून उपयोग नाही, सुरुवात मार्चमध्ये करावी लागते.

तुमच्या वाट्याला येणारी कामं साधी असतात. ओआरएस करणं: एक पाकीट, एक लिटर, सगळं एकदम. ग्लासात चिमूटभर टाकून दिलं की प्रमाण बिघडतं, आणि केलेलं पाणी २४ तासांनंतर टाकून द्यायचं. बीपी मोजणं: माणसाला आधी पाच मिनिटं खुर्चीवर बसवा. उन्हातून दोन किलोमीटर चालत आलेल्याचं बीपी लगेच घेऊन “तुम्हाला बीपी आहे” असं सांगणं हा अन्याय आहे. आकडा चिठ्ठीवर लिहा आणि गावी गेल्यावर पुन्हा मोजायला सांगा. फारच वाढलेला असेल, छातीत दुखत असेल, तर बोलत न बसता स्टॉलवरच्या डॉक्टरांना हाक मारा. साखर तपासण्याची सुई एकाला एकदाच, आणि लगेच सुयांच्या डब्यात.

सगळ्यात जास्त येतात ते पाय. गेल्या वर्षी यवतमाळकडची एक मावशी आली, पांढरं लुगडं, टाचेवर रुपयाएवढा फोड.

“गाडी लांब उभी केली व बाई. तिथून पायीच आलो.”

चप्पल नवी, पट्टा कडक. फोड फोडायचा नसतो. साबणपाण्यानं धुवायचा, कोरडा करायचा, वर स्वच्छ गॉज आणि चिकटपट्टी, पट्टा घासतो तिथे कापसाची गादी. ती वाकून सगळं बघत होती. बाजूला ठेवलेली तिची पिशवी मी सरकवायला गेले तर हलेना. आत सगळी पुस्तकं, नातीसाठी.

“डाक्टरीन हायेस का तू?”

“अजून व्हायची आहे, मावशी.”

“मंग हो लवकर. माही नात मागून येऊनच राह्यली.”

असे क्षण स्टेटसला टाकायचा मोह होतो. फोटो काढू नका. पाय दाखवायला बसलेल्या बाईनं फोटोला होकार दिलेला नसतो. त्याऐवजी त्या रात्रीच लॉगबुकात चार ओळी लिहा: किती जण, कशासाठी, कोणाला पुढे पाठवलं, काय चुकलं. महिन्याभरानं लिहायला बसलात तर मनचं लिहाल.

पायरी ६: उपास आणि ऑपरेशन थिएटर

नवरात्रातल्या सहाव्या माळेला मी सर्जरीच्या पोस्टिंगमध्ये रिट्रॅक्टर, म्हणजे चिरलेली जागा उघडी ठेवायचं हत्यार, धरून उभी होते. पोटात सकाळचा चहा. डोळ्यांपुढे काळं आलं, सिस्टरनं मागून धरलं म्हणून निर्जंतुक टेबलावर पडले नाही. “उपास देवाचा असतो, पेशंटचा नाही,” एवढंच ती म्हणाली.

उपास करायचा तर करा, पण साबुदाण्यावर राहू नका, तो नुसता स्टार्च आहे. दाणे, दही, ताक, राजगिरा, भगर, दूध. ऑपरेशन थिएटरच्या दिवशी सकाळी पोटभर, आणि चक्कर येतेय असं वाटलं तर लाज न बाळगता सांगून मागे व्हा, भिंतीला टेकून खाली बसा. रक्तदान उपाशीपोटी करू नका. सणांच्या दिवसांत प्लेटलेट्सची गरज असते आणि त्या पाचच दिवस टिकतात, त्यामुळे रक्तदान जरूर करा, पण जेवून. हिमोग्लोबिन १२.५, वजन किमान ४५ किलो, आणि दोन दानांत पुरुषांनी तीन, बायकांनी चार महिन्यांचं अंतर. मंडळाच्या शिबिरात पोरं उत्साहात महिन्याभरात दुसऱ्यांदा रांगेत लागतात, त्यांना मागे घ्या.

मेंदी चालते. बांगड्या, अंगठ्या, वाढलेली नखं वॉर्डात चालत नाहीत, हात धुताना मळ त्यांच्याखाली तसाच राहतो. आजी “एकच बांगडी ठेव” म्हणाली तर मनगटाला घाण कशी साचते ते एकदा दाखवा, ती ऐकते.

आवाजाचं काय? भोंग्याला रात्री दहानंतर बंदी आहे, पण ठरावीक दिवशी बारापर्यंत सूट मिळते, आणि ते दिवस नेमके हेच. भांडून वेळ घालवू नका. साडेदहाला कानात बोळे घालून झोपा आणि साडेचारला उठा. त्या वेळी महालातल्या गल्ल्यांत दूधवाल्याच्या सायकलीशिवाय काही ऐकू येत नाही. मी दुसऱ्या वर्षाचं सगळं पॅथॉलॉजी रोज पहाटेच्या त्या दीड तासांत पुन्हा वाचलं. रात्रपाळी असलेल्यांनी मात्र हे करू नये, त्यांनी दुपारी झोपून घ्यावं.

पायरी ७: कोजागिरीला वही बंद

गच्चीवर दूध आटायला तास-दीड तास लागतो. तेवढ्यात वही काढा. हजेरीचे किती दिवस गेले, किती उरले. चार रविवारांत कोणते कूलर प्रत्येक वेळी भरलेले सापडले, त्या घरांपुढे खूण करा. त्यांच्याकडे फेब्रुवारीत, कूलर सुरू करायच्या आधी, पुन्हा जायचं. पहिल्या वर्षाचा कोणी विद्यार्थी मोहल्ल्यात असेल तर त्याला दूध प्यायला बोलवा आणि वहीची एक प्रत द्या.

आमच्या वहीत तीन घरांपुढे खूण आहे. त्यातलं एक आमचंच. आजी म्हणते टपातलं पाणी तुळशीला कामी येतं.